बटाटा, बीट, यीस्ट: पेशीच्या पडद्यावरच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी, रामबाग, इंदूर

काम असं: पेशीत पदार्थ कसे शिरतात आणि कसे बाहेर पडतात, हे अकरावीच्या मुलांना स्वतः मोजून पाहता येईल असे प्रयोग बसवायचे. महागडं काही नको. एक अट मात्र प्रत्येक प्रयोगाला लागू: जिवंत पेशींच्या नमुन्याशेजारी तोच नमुना मारून ठेवायचा, उकडून नाहीतर गोठवून. दोघांत फरक दिसला तरच त्यात पडद्याचा हात. नाही दिसला, तर जे घडलं ते स्पंजनंही केलं असतं.

साहित्य: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनारकाटा, ८ मिमीचा कॉर्क बोरर, ३० मिलीच्या झाकणाच्या बाटल्या २१, टिपकागद, थर्मामीटर, थर्मास.

पाणी: नळाला नर्मदेचं, शिवाय बोअरिंगचं. बोअरिंगचं जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. द्रावणांसाठी दोन्ही नकोत. बॅटरीत घालतात ते डिमिनरलाइज्ड पाणी ५ लिटर आणलं. (जड पाण्याचा एक वेगळाच उपयोग २८ तारखेला.)

साखर: सियागंजातून साधी दाणेदार. ती जवळपास शुद्ध सुक्रोज असते. पिठीसाखर घेऊ नये, तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून कधी स्टार्च मिसळलेला असतो.

१ मोलर मूळ द्रावण (मोलर म्हणजे लिटरभर द्रावणात पदार्थाचे किती मोल, मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या): ३४२.३ ग्रॅम साखर साधारण ७०० मिली पाण्यात विरघळवून, थंड झाल्यावर एकूण १ लिटर होईपर्यंत पाणी. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. १ लिटर पाण्यात ३४२ ग्रॅम साखर ओतली तर द्रावण सुमारे १.२ लिटर होतं आणि त्याची तीव्रता ०.८२ मोलरच्या आसपास उतरते. पुढचे सगळे आकडे मग त्याच प्रमाणात खोटे. पडताळा सोपा आहे: २० अंशांना १ मोलर द्रावणाच्या ५० मिलीचं वजन ५६.४ ग्रॅमच्या जवळ यायला हवं. आपलं ५६.३ आलं.

पातळ द्रावणं: ०.१ मोलरसाठी मूळ द्रावण २० मिली अधिक पाणी एकूण २०० मिलीपर्यंत, ०.२ साठी ४० मिली, असं ०.६ पर्यंत.

७ जानेवारी

बटाट्याची पहिली फेरी वाया. ०.२ मोलरमधल्या तीन कांड्यांत एक ४ टक्क्यांनी वाढली, एक तशीच, एक ३ टक्क्यांनी घटली. कारणं शोधली, तीन सापडली.

पुसणं. ८ मिमी जाड, ४ सेमी लांब कांडी सुमारे २.२ ग्रॅमची, तिचं पृष्ठफळ ११ चौरस सेमी. अंगावर ०.१ मिमी पाण्याची साय राहिली तरी ०.११ ग्रॅम, म्हणजे ५ टक्के. मोजायचा परिणामच तेवढा आहे! त्यामुळे पुसण्याची रीत ठरवून टाकली: टिपकागदावर तीन वेळा लोळवायची, दोन्ही टोकं एकेकदा टेकवायची, दाबायची नाही. आधीच्या आणि नंतरच्या वजनाला हीच रीत, आणि पुसणारा माणूसही एकच.

वाट पाहणं. २१ कांड्या कापेपर्यंत पहिल्या कांड्या उघड्यावर सुकल्या. आता कापल्या की झाकणाच्या डब्यात, ओल्या टिपकागदाला न टेकता.

बटाटे. एका बटाट्याच्या कांड्या एकाच बाटलीत गेल्या होत्या, म्हणजे द्रावणांची तुलना होण्याऐवजी बटाट्यांची झाली.

९ जानेवारी

दुसरी फेरी. चोइथराम मंडीतला नवा माळव्याचा बटाटा, तीन मोठे नग. प्रत्येकातून ७ कांड्या, साल दोन्ही टोकांना कापून काढली (साल पाणी अडवते), आणि प्रत्येक बटाट्याची एकेक कांडी सातही द्रावणांत. २५ मिली द्रावण, ९० मिनिटं, खोलीचं तापमान २२ अंश. दर १५ मिनिटांनी बाटली हलवली, नाहीतर कांडीभोवती निघालेल्या पाण्याचा पातळ थर साचतो.

तीन कांड्यांची सरासरी, वजनातला टक्केवारी बदल: पाण्यात +९.८, ०.१ मोलरला +५.६, ०.२ ला +१.९, ०.३ ला −२.६, ०.४ ला −७.३, ०.५ ला −११.२, ०.६ ला −१३.९.

आलेखाची रेघ शून्याला ०.२४ मोलरपाशी कापते. दाबाच्या भाषेत: ०.२४ गुणिले ०.०८३१ (वायूचा स्थिरांक) गुणिले २९५ (केल्विनमधलं तापमान) केल्यावर ५.९ बार. मोटारीच्या टायरात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज यावा.

आता काळजीची गोष्ट. पुष्कळ वह्यांमध्ये लिहिलेलं असतं की शून्य बदलाची तीव्रता म्हणजे पेशीरसाची तीव्रता. तसं नाही. बटाट्याची पेशी फुगलेली असते, भित्तिका (पडद्याबाहेरची ताठ भिंत) तिला बाहेरून आवळून धरते, आणि हा दाब पाण्याला बाहेर ढकलत असतो. शून्य बदल म्हणजे रसाची ओढ वजा भित्तिकेचा दाब एवढंच बाहेरच्या द्रावणाच्या ओढीशी जुळलं. पेशीरस त्याहून घट्टच असणार. तो मोजायचा तर भित्तिकेचा दाब शून्यावर आणावा लागतो. ते १८ तारखेला.

९० मिनिटांत समतोल झालेला नसतो. टक्केवारीची तुलना करायची तर वेळ काटेकोर हवी, पण शून्याचा बिंदू वेळेवर फारसा अवलंबून नाही: जिथे पाणी जातही नाही आणि येतही नाही, तिथे तासाभरानंही तेच. रात्रभर ठेवायचा मोह टाळावा. बाटल्या गढूळ होतात, कांड्या बुळबुळीत होतात.

१२ जानेवारी

तीच पद्धत, शीतगृहातला जुना बटाटा. शून्याचा बिंदू ०.३१ मोलर. फरक मोठा आहे आणि तो चुकीतून आलेला नाही, फेरी दोनदा केली.

दोन कारणं संभवतात. २ ते ४ अंशांच्या थंडाव्यात बटाटा स्टार्च मोडून साखर करतो (म्हणूनच तो वेफरला चालत नाही, तळताना काळपट होतो). शिवाय साठवणीत पाणी उडून तो थोडा मऊ पडतो, भित्तिकेचा दाब उतरतो. बेनेडिक्टच्या चाचणीत जुन्याचा रस विटकरी, नव्याचा हिरवट, म्हणजे साखर आहेच. मऊपणाचा वाटा किती, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. मुलांच्या पत्रकात ठरावीक ‘बरोबर उत्तर’ छापायचं नाही. बटाटा कुठला आणि किती जुना, ही रकाना-नोंद सक्तीची.

१४ जानेवारी

मारलेल्या पेशींची जोडी. अर्ध्या कांड्या १० मिनिटं वाफवल्या, अर्ध्या कच्च्या. दोन्ही १ मोलर साखरेत ४ तास.

कच्च्या: वजन २६ टक्क्यांनी कमी, लवचिक, बोटाला गुंडाळता येतील अशा.
वाफवलेल्या: वजन जवळपास तेवढंच, ३ टक्के कमी.

फक्त वजन पाहिलं तर वाटेल, वाफवलेल्यात काही घडलंच नाही. पण वजन हा गेलेल्याचा आणि आलेल्याचा निव्वळ हिशेब. म्हणून कांड्या २ सेकंद पाण्यात बुडवून, टिपून, ७० अंशांवर वाळवल्या, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत (पाक लागलेली कांडी पाणी सोडायला नाराज असते, दीड दिवस लागला). कोरडं वजन कांडीमागे: आधी ०.४० ग्रॅम, कच्चीचं नंतर ०.४४, वाफवलेलीचं ०.७१. वाफवलेलीत साखर सरळ आत गेली आणि तेवढ्याच वजनाचं पाणी बाहेर आलं. कच्चीत साखर भित्तिकांच्या पोकळीत आणि कापलेल्या टोकांच्या फाटक्या पेशींतच काय ती.

मोरावळा करणाऱ्याला हे सांगायला नको. आवळा टोचून, वाफवून मगच पाकात जातो. कच्चा थेट घट्ट पाकात टाकला तर सुरकुततो, आणि पाक उलट पातळ होतो. टोचण्या-वाफवण्याला स्वयंपाकघरात ‘पाक मुरायला’ म्हणतात. पेशीच्या बाजूनं पाहिलं तर ते पडदा मारणं आहे. आवळ्याचा हंगाम सुरू आहे, ही जोडी संचात घालायची.

१८ जानेवारी

रससंकोच, म्हणजे पाणी गेल्यानं पेशी आकसून पडदा भित्तिकेपासून सुटणं. कुंडीतला ऱ्हिओ, पान वरून हिरवं, खालून जांभळं. खालच्या बाजूला पात्यानं तिरपी चीर देऊन चिमट्यानं साल ओढली की एका थराचा जांभळा पापुद्रा निघतो. हिरवं लागलं तर तो तुकडा टाकायचा, दोन थरांत काही दिसत नाही. जांभळा रंग रिक्तिकेतला (पेशीतल्या रसाच्या पिशवीतला) असल्यामुळे डाय लागत नाही. तांबडा कांदाही चालतो, पण त्याच्या रंगीत पेशी बाहेरच्या सालीच्या बाजूला असतात, आतल्या पारदर्शक पापुद्र्यात नसतात. मुलं हमखास आतला पापुद्रा काढतात आणि काही दिसत नाही म्हणतात.

४ मिमीचे तुकडे, प्रत्येक द्रावणात २० मिनिटं, मग त्याच द्रावणाच्या थेंबात काच-पट्टीवर. पाण्याच्या थेंबात ठेवलं तर दोन मिनिटांत पेशी परत फुगून पुरावा पुसला जातो. मोजणी १०० पेशींची, तुकड्याच्या कडेपासून दूर. कडेच्या पेशी कापताना मेलेल्या असतात, त्या कधीच आकसत नाहीत आणि टक्केवारी खाली खेचतात.

एका कोपऱ्यात जरी पडदा भित्तिकेपासून सुटला तरी पेशी ‘आकसली’ धरली. ०.१५ मोलरला १००त ३, ०.२० ला २१, ०.२५ ला ६४, ०.३० ला ९७. निम्म्या पेशी सुटण्याचा बिंदू ०.२३ ते ०.२४ च्या दरम्यान. या क्षणी भित्तिकेचा दाब सरासरी शून्य, म्हणून हा आकडा खरोखर रसाचा. बटाट्यातही ०.२४ आला होता. तो निव्वळ योगायोग: वनस्पती वेगळी, मोजलेली गोष्टही वेगळी.

भित्तिका आणि आकसलेला पडदा यांच्यामधल्या जागेत काय असतं? हवा नाही, बाहेरचंच साखरपाणी. भित्तिका साखरेला अडवत नाही. अडवतो तो पडदा.

२१ जानेवारी

आजचा प्रयोग सगळ्या संचातला सगळ्यात देखणा, आणि वर्गात क्वचितच होणारा. ऱ्हिओचे तीन तुकडे: एक ०.५ मोलर साखरेत, एक ०.५ मोलर ग्लिसरीनमध्ये (औषधाच्या दुकानातलं, लिटरला ४६ ग्रॅम), एक ०.५ मोलर युरियात (लिटरला ३० ग्रॅम).

साखरेतल्या पेशी आकसल्या त्या तासाभरानंही तशाच. ग्लिसरीन आणि युरियातल्याही आधी आकसल्या, पण द्रावण न बदलता हळूहळू आपोआप परत फुगल्या. पाणी मोठ्या वेगानं बाहेर गेलं, मागून छोटे रेणू पडद्यातून सावकाश आत झिरपले, त्यांच्यापाठी पाणी परतलं. साखरेचा रेणू मोठा, पाण्याची आवड असलेल्या गटांनी भरलेला. पडद्याच्या तेलकट गाभ्यातून त्याला वाट नाही.

ह्यूगो द व्हरीस यांनी १८८०च्या दशकात वेगवेगळ्या द्रावणांची ताकद याच आकसण्यावरून तोलली. त्यानंतर अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी शेकडो पदार्थ तपासून दाखवलं की जो पदार्थ तेलात जितका सहज विरघळतो तितका तो पेशीत लवकर शिरतो, म्हणजे पेशीची सीमा तेलासारख्या द्रव्याची असावी. पडदा कोणाला दिसण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

काय बिघडतं: काचेवर द्रावण वाळतं, तीव्रता वाढते, आणि फुगलेल्या पेशी पुन्हा आकसतात. कडेला व्हॅसलिनची रेघ मारली.

२५ जानेवारी

बीट आणि तापमान. ८ मिमीच्या कांड्यांच्या ३ मिमी चकत्या. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग आधी घालवायचा: पाणी बदलत अर्धा तास, शेवटचं पाणी ५ मिनिटांनीही स्वच्छ दिसेपर्यंत. ही पायरी आखडली की सगळ्याच नळ्या गुलाबी होतात आणि मग तापमानाला दोष देता येत नाही.

५ चकत्या ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात २ मिनिटं, मग खोलीच्या तापमानाच्या १० मिली पाण्यात ३० मिनिटं. गरम पाणी थर्मासमध्ये निदान २०० मिली ठेवावं, परीक्षानळीतलं १० मिली पाणी थंड चकत्या पडताच ३-४ अंशांनी उतरतं. रंग तोलायला गोठवून वितळवलेल्या चकत्यांचं पाणी १०० धरून निम्म्यानिम्म्यानं पातळ केलेल्या नळ्यांची रांग लावली, पांढऱ्या कागदासमोर डोळ्यानं जुळवली.

४५ अंशांपर्यंत रंग ५ च्या आत. ५० ला ८, ५५ ला २५, ६० ला ६०, ६५ ला ८५. ५० ते ६० मध्येच सगळं कोसळतं. ८० अंशांची नळी ६५ च्या नळीपेक्षा फिकी आली. गळती कमी झाली असं नाही, लाल रंगद्रव्यच उष्णतेनं मोडतं. पत्रकातून ८० काढून टाकलं.

रंग रिक्तिकेत असतो, त्यामुळे बाहेर यायला त्याला दोन पडदे ओलांडावे लागतात: रिक्तिकेचा आणि पेशीचा. आधी कोणता फाटला, हे या प्रयोगातून कळत नाही.

२८ जानेवारी

५५ अंशांची फेरी, चकत्या तीन पाण्यांत: डिमिनरलाइज्ड २५, बोअरिंगचं १६, आणि कॅल्शियम क्लोराइड लिटरला १.४७ ग्रॅम घातलेल्यात १२. कॅल्शियम पडद्यातल्या ऋणभारित फॉस्फेट टोकांना बांधून ठेवतो, पडदा घट्ट राहतो. म्हणून एका वर्गात नळाचं आणि दुसऱ्यात बोअरिंगचं पाणी वापरलं तर आकडे जुळणार नाहीत. भांड्याच्या साबणाचा एक थेंब मात्र कुठल्याही पाण्यात, खोलीच्या तापमानालाच, सगळा रंग बाहेर काढतो.

२ फेब्रुवारी

यीस्ट आणि न्यूट्रल रेड हा डाय. १.५ ग्रॅम बेकरीचं कोरडं यीस्ट ७५ मिली ०.७५ टक्के सोडियम कार्बोनेटमध्ये. स्फटिकी धुण्याचा सोडा असेल तर पाणी धरून २.७ पट घ्यायचा, १०० मिलीला २ ग्रॅम. निम्मं ३ मिनिटं उकळून थंड केलं. दोन्हींत समभाग ०.०२ टक्के न्यूट्रल रेड.

जिवंत यीस्ट काही मिनिटांत लालसर, उकळलेलं पिवळट. गाळल्यावर जिवंताचं पाणी जवळपास बिनरंगी, उकळलेल्याचं पिवळं-नारिंगी. गाळणकागद बारीक हवा, चहाच्या गाळणीतून यीस्ट निसटतं.

हा प्रयोग बहुतेक ठिकाणी ‘सक्रिय वहनाचा पुरावा’ (पेशी ऊर्जा खर्चून पदार्थ आत ओढते याचा) म्हणून शिकवतात. ते घाईचं आहे. न्यूट्रल रेड अल्कधर्मी पाण्यात पिवळं आणि विनाभार असतं, तेव्हा ते पडद्यातून स्वतःच पार होतं. आत रिक्तिका आम्लधर्मी. तिथे त्याला प्रोटॉन चिकटतो, रंग लाल होतो, भार चढतो, आणि भारित रेणूला परतीची वाट बंद. रंगाला ओढणारा पंप नाही. ऊर्जा लागते ती रिक्तिका आंबट ठेवणाऱ्या प्रोटॉनपंपाला, त्याच्या पाठीमागे एटीपी, पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू. उकळल्यावर तो उतारच मोडतो. पत्रकात ‘सक्रिय वहन’ खोडून ‘सापळा, आणि सापळा चालू ठेवणारा पंप’ लिहिलं.

मिथिलिन ब्लूचाही असाच गैरसमज: जिवंत यीस्ट बिनरंगी दिसतं म्हणून डाय आत शिरलाच नाही असं नाही. शिरलेल्या डायचं क्षपण करून (त्याला इलेक्ट्रॉन देऊन) जिवंत पेशी तो बिनरंगी करते.

५ फेब्रुवारी

अगारचे ठोकळे, फिनॉल्फ्थॅलिन (आम्लात बिनरंगी होणारा डाय) घालून गुलाबी, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात. आकार आणि पृष्ठफळाचा हिशेब सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवला नाही. एकच भर: १० मिनिटांत आम्ल जितकं आत गेलं त्याच्या दुप्पट जायला २० नव्हे, ४० मिनिटं लागली. अंतराच्या वर्गाप्रमाणे वेळ. पाण्यात छोट्या रेणूला १० मायक्रॉन सरकायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो, १ सेंटिमीटरला १४ तास. हे गणित पत्रकात फलकासारखं मोठ्या अक्षरांत.

८ फेब्रुवारी

काय वगळलं.

व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेलं अंडं: फुगतं छान, पण फुगवणारा पडदा म्हणजे कवचाखालचं प्रथिनतंतूंचं अस्तर, पेशीचा पडदा नव्हे. परासरण (पडद्यातून घट्ट द्रावणाकडे पाणी जाणं) दाखवायला ठीक, पेशी दाखवायला नाही.

भिजवलेले वाटाणे: फुटाणेही पाण्यात फुगतात, आणि ते भट्टीत भाजून मेलेले. ते अंतःशोषण, कोरड्या वस्तूनं पाणी शोषून फुगणं. ४ जानेवारीच्या अटीत नापास.

बेदाणे: तीच गत.

१२ फेब्रुवारी

०.१ आणि ०.२ मोलरच्या बाटल्या सहाव्या दिवशी गढूळ. फ्रिजमध्येही आठवड्याच्या वर ठेवू नयेत. संचात द्रावणं न देता साखरेच्या मोजलेल्या पुड्या द्यायच्या.

नव्या बटाट्यावर साखरेऐवजी मीठ, ६० मिनिटं. शून्याचा बिंदू ०.१३ मोलर, म्हणजे लिटरला ७.६ ग्रॅम. साखरेच्या ०.२४ शी गुणोत्तर १.८५. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, तरी पुरते २ येत नाहीत, कारण आयन एकमेकांना थोडं धरून राहतात. ०.६ मोलर मिठातल्या कांड्यांनी तासाभरात पाण्यात रंग सोडला आणि त्या लिबलिबीत झाल्या, तिथे पेशी मरतात. मिठाची मालिका ०.३ मोलरला थांबवायची. पुढच्या फेरीत रताळं.